इराकवरील आक्रमण : तेल, डॉलर की सलीबी जंग?

इतिहास शिकवणाऱ्याला युद्धाची कारणे सांगण्याची सवयच होऊन गेलेली असते. ‘पहिल्या महायुद्धाची कारणे स्पष्ट करा’ हा तर परीक्षेतला हमखास प्रश्न. साम्राज्यवादी स्पर्धा, गुप्त करार, शस्त्रास्त्रांची चढाओढ ही मूलभूत कारणे आणि ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून हे तात्कालिक कारण, असे मुले घडाघडा लिहितात आणि पूर्ण गुण मिळवतात. मूलभूत कारण वेगळे आणि तात्कालिक कारण वेगळे, हा एक धडा जरी मुलांनी शाळेतून नेला तरी इतिहासाच्या तासाचे सार्थक झाले, असे मी मानतो.

याच महायुद्धाचा पाठ चालू असताना १९१७ साली इंग्रजांनी बगदाद घेतल्याचा उल्लेख आला. एका मुलाने हात वर केला. “सर, फिर अमेरिका ने बगदाद क्यों लिया?” मी तोंड उघडण्याआधीच मागच्या बाकावरून उत्तर आले, “इस्लाम की दुश्मनी में, सर.” दुसरा म्हणाला, “तेल के लिए.” तिसरा म्हणाला, “सद्दाम जालिम था, इसलिए.” २००३ साली यांतला एकही मुलगा जन्मलेला नव्हता. तरी प्रत्येकाकडे उत्तर तयार होते. त्यातले पहिले उत्तर तर त्यांच्या वयाचा असताना मी स्वतःच दिले होते. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर उभे राहून मोठी माणसे जे बोलत, तेच मी शाळेत जाऊन बोलत असे.

तास संपल्याची घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. ते येथे मांडण्याचा प्रयत्न करतो. जगातील डाव्या विचारवंतांनी या युद्धाच्या कारणांवर आपापसांत मोठा वाद घातला. तो वाद आपल्या मराठी मुस्लिम वाचकांपर्यंत फारसा पोहोचलेला नाही. आपल्याकडे ‘तेलासाठी’ एवढा एक शब्द आला आणि त्यामागची चर्चा तिकडेच राहिली.

सांगितलेले कारण

२० मार्च २००३ रोजी आक्रमण सुरू झाले आणि ९ एप्रिलला बगदाद पडले. जगाला सांगितलेले कारण होते सामूहिक संहाराची शस्त्रे. नोव्हेंबर २००२ मध्ये सुरक्षा परिषदेने १४४१ क्रमांकाचा ठराव केला आणि हान्स ब्लिक्स यांच्या नेतृत्वाखाली निरीक्षक इराकमध्ये परतले. ५ फेब्रुवारी २००३ रोजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत नकाशे आणि छायाचित्रे दाखवून इराककडे अशी शस्त्रे असल्याचे ठामपणे सांगितले. निरीक्षक आणखी काही महिने मागत होते. ते त्यांना मिळाले नाहीत.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकेनेच नेमलेल्या तपास गटाने ऑक्टोबर २००४ मध्ये अहवाल दिला की असे साठे इराकमध्ये नव्हते. युद्धाचे एक प्रमुख पुरस्कर्ते, संरक्षण उपमंत्री पॉल वुल्फोवित्झ यांनी २००३ सालीच एका मुलाखतीत कबूल केले होते की शस्त्रांचा मुद्दा पुढे करण्यामागे सरकारी यंत्रणेतील सर्वांचे त्या एकाच मुद्द्यावर एकमत होऊ शकत होते, हेही कारण होते. सप्टेंबर २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी हे युद्ध राष्ट्रसंघाच्या सनदेशी विसंगत, म्हणजेच बेकायदेशीर असल्याचे म्हटले. जुलै २०१६ मध्ये ब्रिटनच्या चिल्कॉट चौकशी अहवालानेही सांगितले की शांततेचे सर्व मार्ग संपलेले नसतानाच युद्धाचा मार्ग धरला गेला.

म्हणजे शस्त्रे हे फार तर युद्ध लोकांच्या गळी उतरवण्याचे निमित्त होते. मग मूलभूत कारण कोणते?

सलीबी जंग म्हणावी काय?

आपल्या मोहल्ल्यातले उत्तर आधी तपासू. ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. १६ सप्टेंबर २००१ रोजी अध्यक्ष बुश यांनी दहशतवादाविरुद्धच्या युद्धासाठी ‘क्रुसेड’ हा शब्द स्वतःच्या तोंडाने वापरला होता. हा शब्द ऐकल्यावर सलाहुद्दीन अय्यूबीचे नाव ज्याला आठवत नाही, असा मुसलमान विरळा. त्यात सलाहुद्दीनचा जन्म तिक्रितचा आणि सद्दामही त्याच परिसरातला. सद्दामने स्वतःच्या प्रचारात या योगायोगाचा पुरेपूर उपयोग करून घेतला.

पण पुराव्याने हे उत्तर टिकते का? सद्दामचा बाथ पक्ष धर्मनिरपेक्ष अरब राष्ट्रवाद सांगणारा होता. १९८० साली त्याने इराणवर हल्ला केला. आठ वर्षे दोन मुस्लिम देश एकमेकांचे रक्त सांडत राहिले आणि त्या काळात अमेरिका सद्दामकडे झुकलेली होती. डिसेंबर १९८३ मध्ये रेगन यांचे दूत म्हणून बगदादला जाऊन सद्दामशी हस्तांदोलन करणारे गृहस्थ होते डोनाल्ड रम्सफेल्ड. वीस वर्षांनी तेच संरक्षणमंत्री म्हणून हे युद्ध चालवत होते. मार्च १९८८ मध्ये हलब्जा येथे विषारी वायूने सुमारे ५,००० कुर्द मारले गेले. मरणारे मुसलमान होते आणि मारणारेही मुसलमानच म्हणवत होते. तेव्हा वॉशिंग्टनने सद्दामशी संबंध तोडले नाहीत.

आता २००३ कडे या. अमेरिकेची फौज इराकमध्ये शिरली ती प्रामुख्याने कुवेतमधून. युद्धाचे मुख्यालय होते कतारमध्ये. उलट बाजूला कोण होते? पोप जॉन पॉल दुसरे यांनी युद्धाला विरोध केला आणि बुश यांच्याकडे आपला दूत पाठवला. १५ फेब्रुवारी २००३ रोजी जगातील शेकडो शहरांत लोक रस्त्यावर उतरले. रोमचा मोर्चा तर जगातील सर्वांत मोठ्या युद्धविरोधी मोर्च्यांपैकी एक गणला जातो. लंडनमध्ये दहा लाखांच्या आसपास माणसे चालली. त्यांत बहुसंख्य ख्रिस्ती आणि निधर्मी माणसे होती. १ मार्चला तुर्कस्तानच्या संसदेत अमेरिकी सैन्याला वाट देण्याचा ठराव आवश्यक मते न मिळाल्याने पडला. तेथील सत्ताधारी पक्षाच्या नेतृत्वाला तो मंजूर व्हायला हवा होता. लोकांच्या दबावापुढे तो टिकला नाही.

ही जर सलीबी जंग असेल तर पोप कोणत्या बाजूला आणि कुवेतचा अमीर कोणत्या बाजूला, याचे उत्तर द्यावे लागेल. धर्मयुद्धाच्या चौकटीत ही माणसे कोठेच बसत नाहीत.

याचा अर्थ इस्लामद्वेषाचा या युद्धाशी संबंध नव्हता असा नाही. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात सद्दामचा हात असल्याचा पुरावा नव्हता, तरी २००३ साली बहुसंख्य अमेरिकन तसे शक्य आहे असे समजत होते. दोन अरब म्हणजे एकच, हा समज द्वेषातूनच येतो. द्वेषाने युद्ध स्वीकारायला लोकांची मने तयार केली. पण मन तयार करणे वेगळे आणि युद्धाचा निर्णय घेणे वेगळे. निर्णय कशासाठी झाला हे पाहायचे तर जमिनीखाली पाहावे लागते.

तेलाची शंभर वर्षे

इराकच्या तेलाची कहाणी २००३ साली सुरू होत नाही. १९१४ साली ब्रिटिश सरकारने अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीत निम्म्याहून अधिक भाग विकत घेतले, कारण आरमार कोळशावरून तेलावर येत होते. त्याच वर्षी युद्ध सुरू होताच इराणमधील तेलाचे रक्षण आणि आखातावरील पकड यांसाठी ब्रिटिश हिंदी फौज बसऱ्याला उतरली. त्या फौजेत आपली माणसे होती. ‘पुणे डिव्हिजन’ या नावाने ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन तैग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे निघाली. तीत मराठा पलटणी होत्या आणि मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या असत. डिसेंबर १९१५ पासून कूत या गावी तुर्कांनी त्यांना वेढले. पाच महिने उपासमार काढून एप्रिल १९१६ मध्ये सुमारे १३,००० जण शरण गेले, त्यांत बहुसंख्य हिंदी होते. कित्येक जण कैदेतच मेले. सातारा-रत्नागिरीकडच्या शेतकऱ्याच्या पोराचे तैग्रिसच्या पाण्याशी किंवा खलिफाशी काय वैर होते? बसऱ्यात तर १५व्या लान्सर्स या रिसाल्यातील मुस्लिम शिपायांनी बगदादवर चालून जायला नकार दिला आणि शिक्षा भोगली.

मार्च १९१७ मध्ये बगदाद पडले. जनरल मॉड यांनी शहरवासीयांना उद्देशून जाहीरनामा काढला. आम्ही जेते म्हणून नव्हे तर मुक्तिदाते म्हणून आलो आहोत, असा त्याचा आशय होता. मी २००३ सालची भाषणे वाचतो तेव्हा वाटते की जाहीरनामा तोच, फक्त सही बदलली. १९२० साली इराकींनी उठाव केला आणि तो दडपताना विमानांतून बॉम्ब टाकले गेले. १९२७ साली किर्कुकजवळ बाबा गुरगुर येथे तेल उसळले. इंग्रज, डच, फ्रेंच आणि अमेरिकन कंपन्यांनी ‘इराक पेट्रोलियम कंपनी’त जवळजवळ सारखे वाटे घेतले. नाव इराकचे होते, पण त्या कंपनीत इराकचा वाटा नव्हता. या कंपन्यांना इराकचे तेल पटकन बाहेर काढण्याचीही घाई नव्हती, कारण तेल जास्त झाले तर भाव पडतो. मक्ता ताब्यात ठेवायचा आणि तेल जमिनीत, हे त्यांचे धोरण होते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे उपयोगी पडेल.

१४ जुलै १९५८ रोजी अब्दुल करीम कासिम यांच्या क्रांतीने राजेशाही संपवली. १९६० साली तेल निर्यातदार देशांची ‘ओपेक’ ही संघटना बगदादमध्येच स्थापन झाली. १९६१ च्या ८० क्रमांकाच्या कायद्याने कंपनीकडे पडून असलेले ९९ टक्क्यांहून अधिक मक्त्याचे क्षेत्र परत घेतले गेले. फेब्रुवारी १९६३ मध्ये बाथ पक्षाच्या लोकांनी लष्करी बंड करून कासिम यांना ठार केले आणि हजारो कम्युनिस्टांची कत्तल केली. अखेर १ जून १९७२ रोजी इराक पेट्रोलियम कंपनीचे राष्ट्रीयीकरण झाले. ज्या पक्षाने कम्युनिस्टांना मारले त्याच पक्षाने कम्युनिस्टांची जुनी मागणी पूर्ण केली, असा हा इतिहास गुंतागुंतीचा आहे.

डाव्यांमधला वाद

२००३ च्या सुमारास इराकचे ज्ञात तेलसाठे ११२ अब्ज बॅरलच्या आसपास धरले जात, म्हणजे जगातील साठ्यांच्या सुमारे दहावा हिस्सा. उपाध्यक्ष डिक चेनी हे आधी हॅलिबर्टन या तेलसेवा कंपनीचे प्रमुख होते. २००१ साली त्यांच्या ऊर्जाविषयक कार्यगटाच्या कागदपत्रांत इराकच्या तेलक्षेत्रांचा नकाशा आणि तेथे करार करू पाहणाऱ्या परदेशी कंपन्यांची यादी होती. न्यायालयीन लढाईनंतर ते कागद २००३ साली बाहेर आले. एप्रिल २००३ मध्ये बगदादचे संग्रहालय लुटले जात होते, राष्ट्रीय ग्रंथालय जळत होते, त्या वेळी अमेरिकी रणगाडे तेल मंत्रालयाचे रक्षण करीत होते. एवढे पाहिल्यावर ‘तेलासाठी रक्त नको’ ही घोषणा आपोआपच सर्व मोर्च्यांत घुमू लागली.

पण घोषणा म्हणजे विश्लेषण नव्हे, असे डाव्यांनीच डाव्यांना सांगितले. त्यांचा पहिला प्रश्न असा होता : तेल हवे होते तर ते विकत घेता येत नव्हते का? निर्बंधांच्या काळातही ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ योजनेखाली इराकचे तेल अमेरिकेच्या कारखान्यांपर्यंत पोहोचतच होते. अमेरिकेला लागणारे आयात तेल मुख्यतः कॅनडा, मेक्सिको, सौदी अरेबिया आणि व्हेनेझुएला येथून येत होते. केवळ पेट्रोल भरून घेण्यासाठी कोणी एवढे खर्चिक युद्ध करीत नाही.

याला डेव्हिड हार्वे यांनी २००३ सालच्या ‘द न्यू इम्पीरिअ‍ॅलिझम’ या पुस्तकात उत्तर दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की प्रश्न तेल पिण्याचा नाही, तोटीचा आहे. युरोप, जपान आणि वाढता चीन हे आखाती तेलावर अवलंबून आहेत. ज्याच्या हातात तोटी, त्याच्या हातात या सर्व प्रतिस्पर्ध्यांची नाडी. अमेरिकेचे कारखानदारीतले वर्चस्व घसरत असताना लष्करी बळाने ही तोटी धरून ठेवणे हा तिचा हिशेब होता. रशियाच्या आणि चीनच्या कंपन्यांनी १९९७ सालीच सद्दामशी तेलक्षेत्रांचे करार केले होते आणि फ्रेंच कंपनी बोलणी करीत होती. निर्बंध उठले असते तर इराकचे तेल यांच्या हाती गेले असते.

दुसरा गट डॉलरकडे बोट दाखवतो. नोव्हेंबर २००० मध्ये सद्दामने तेलाची किंमत डॉलरऐवजी युरोत घ्यायला सुरुवात केली आणि २००३ मध्ये ताबा मिळताच व्यवहार पुन्हा डॉलरमध्ये सुरू झाले. ही दोन्ही विधाने खरी आहेत. पण एकट्या इराकच्या विक्रीने डॉलर कोसळला असता, हे अर्थशास्त्राच्या कसोटीवर सिद्ध करणे कठीण. पुष्कळ डाव्यांनी हे कारण दुय्यम मानले आणि ते योग्यच आहे.

तिसरा गट म्हणतो, तेलाइतकीच महत्त्वाची होती बाजारपेठ. नेओमी क्लाईन यांनी ‘द शॉक डॉक्ट्रिन’ या २००७ सालच्या पुस्तकात हा मुद्दा मांडला. ताबा घेतल्यावर प्रशासक पॉल ब्रेमर यांनी सप्टेंबर २००३ मध्ये ३९ क्रमांकाचा आदेश काढला. तेल आणि खनिजे वगळता इराकी उद्योगांत परदेशी भांडवलाला शंभर टक्के मालकीची मुभा मिळाली. सद्दामचे बरेच कायदे रद्द झाले, पण सार्वजनिक उद्योगांतील कामगार संघटनांवर बंदी घालणारा त्याचा १९८७ चा कायदा मात्र तसाच ठेवला गेला. लोकशाही आणायला आलेल्यांनी हुकूमशहाचा एवढा एक कायदा का जपला, हा साधा प्रश्न शंभर भाषणांना पुरून उरतो.

चौथा मुद्दा ‘निओकॉन’ म्हणवल्या जाणाऱ्या गटाचा आणि इस्रायलचा. १९९८ च्या जानेवारीत या गटाने अध्यक्ष क्लिंटन यांना पत्र लिहून सद्दामला हटवण्याची मागणी केली होती. सह्या करणाऱ्यांत रम्सफेल्ड आणि वुल्फोवित्झ दोघेही होते. म्हणजे ११ सप्टेंबरच्या साडेतीन वर्षे आधी इरादा कागदावर होता. मिअरशायमर आणि वॉल्ट या दोन प्राध्यापकांनी २००६ साली इस्रायलधार्जिण्या दबावगटाला युद्धाच्या निर्णयातील एक महत्त्वाचा घटक ठरवले. हे दोघे डावे नव्हेत. आपल्याकडे हे उत्तर फार आवडते. पण इस्रायलच्या धोरणांवर आयुष्यभर कठोर टीका करणारे नोम चॉम्स्की यांनीच यावर आक्षेप घेतला. दबावगट आहे हे खरे. पण सगळा दोष त्याच्यावर टाकला की अमेरिकी साम्राज्यसत्ता आणि तेल कंपन्या बिचाऱ्या भुललेल्या ठरतात, आणि त्या तशा नाहीत, असे त्यांचे म्हणणे. मला हा आक्षेप पटतो. पडद्यामागच्या एका छोट्या गटावर सारा इतिहास लादण्याची सवय वाईट. आपल्यावर ती कोणी लादते तेव्हा तिची धार आपल्याला कळतेच.

पाचवा आवाज सर्वांत अवघड आहे. काही डावे युद्धाच्या बाजूने उभे राहिले. क्रिस्टोफर हिचन्स हे त्यांतले प्रसिद्ध नाव. सद्दामच्या छळयंत्रणेवर पुस्तक लिहिणारे इराकी लेखक कनान मकिया हेही एके काळचे डावेच. त्यांचा सवाल होता : हलब्जाच्या आईला तुम्ही काय सांगणार? इराकी कम्युनिस्ट पक्षाने युद्धाला विरोध केला, पण सद्दाम गेल्यावर जुलै २००३ मध्ये अमेरिकेने नेमलेल्या शासन परिषदेत जागाही घेतली. ज्या पक्षाचे हजारो लोक बाथच्या तुरुंगांत मेले त्याच्या या निर्णयाला दूर बसून गद्दारी म्हणणे सोपे आहे. मी तो निर्णय चुकीचा मानतो, पण सोपा मानत नाही.

निकालावरून कारण तपासावे काय?

आता वाद कसा सुटतो ते पाहू. २००९ साली इराक सरकारने तेलक्षेत्रांचे जाहीर लिलाव केले. बसऱ्याजवळचे रुमेला हे अवाढव्य क्षेत्र ब्रिटिश बीपी आणि चीनची सरकारी कंपनी यांनी मिळून घेतले, तेही वाढीव उत्पादनावर बॅरलमागे अवघ्या २ डॉलर मोबदल्यावर. तेलाची मालकी इराककडेच राहिली. पश्चिम कुर्नाचा दुसरा टप्पा रशियन लुकऑइलच्या वाट्याला गेला. अमेरिकन कंपन्यांना मोजकेच मिळाले. एक्झॉनमोबिल ज्या क्षेत्रात होती, तेथूनही जानेवारी २०२४ मध्ये ती बाहेर पडली आणि तिची जागा चिनी कंपनीने घेतली. यावरून काही जण म्हणतात, बघा, तेलासाठी युद्ध नव्हतेच!

या युक्तिवादात एक साधी चूक आहे. चोर रिकाम्या हाताने परतला म्हणून तो चोरीसाठी आला नव्हता, असे ठरत नाही. इरादा वेगळा, परिणाम वेगळा. इरादा काय होता याचे पुरावे नंतर हाती आले. युद्धाच्या चार-पाच महिने आधी, २००२ च्या शेवटी, बीपीचे प्रतिनिधी ब्रिटिश मंत्र्यांना भेटले आणि इराकच्या तेलात ब्रिटिश कंपन्यांना वाटा मिळावा यावर बोलणी झाली. त्या बैठकींची टिपणे २०११ साली उघड झाली. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख अ‍ॅलन ग्रीनस्पॅन यांनी २००७ साली आत्मचरित्रात इराक युद्ध बऱ्याच अंशी तेलासाठीच होते असे लिहिले. ते तर भांडवलशाहीचे पुजारी.

मग हाती का लागले नाही? येथे एक असा घटक येतो जो मशिदीबाहेरच्या चर्चेत नसतो आणि वृत्तपत्रांतही क्वचितच येतो. तो म्हणजे बसऱ्याचा तेल कामगार. संघटनेवर बंदी असताना त्यांनी संघटना उभारली. ऑगस्ट २००३ मध्ये वेतनासाठी संप केला. २००५ साली बसऱ्यात खासगीकरणाविरुद्ध परिषद भरवली. फेब्रुवारी २००७ मध्ये परदेशी कंपन्यांना दीर्घ मुदतीचे हक्क देऊ शकणाऱ्या तेल कायद्याचा मसुदा मंत्रिमंडळाने मंजूर केला. अमेरिकेचा त्यासाठी उघड दबाव होता. जूनमध्ये कामगार संपावर गेले आणि सरकारने त्यांच्या नेत्यांवर अटकेची वॉरंटे काढली. तो मसुदा संसदेत मंजूर झाला नाही. यात राजकीय पक्षांची भांडणे आणि कुर्दांशी वाटणीचा तंटाही होता, सारे श्रेय कामगारांचे नाही. पण देश शिया-सुन्नींमध्ये फाटत असताना या संघटनेने माणसांना कामगार म्हणून एकत्र ठेवले, हे लहान काम नव्हे.

मागे सांगितलेली जुनी गोष्ट येथे जोडून पाहावी. जुन्या कंपन्यांना तेल बाहेर काढण्यापेक्षा मक्ता हातात ठेवण्यात रस होता. २००३ च्या युद्धालाही हीच किल्ली लागते. तेलाचा थेंब कोण नेतो यापेक्षा तेलाचा भाव, चलन, गिऱ्हाईक आणि कायदा कोण ठरवतो, यासाठी हे युद्ध होते. १९७२ साली इराकने हा अधिकार परत घेतला होता. तो काढून घ्यायचा होता. निओकॉन गटाने योजना दिली, ११ सप्टेंबरने संधी दिली, इस्लामद्वेषाने लोकांची संमती मिळवली. पण तेलाच्या व्यवस्थेवरचा ताबा हे मूळ नसते तर योजना कागदावरच राहिली असती. डाव्यांच्या वादातून मला सापडलेले उत्तर हे आहे.

डाव्यांच्याही चुका

डाव्यांची बाजू घेताना त्यांच्या चुका झाकू नयेत. निर्बंधांमुळे इराकमध्ये ५ लाख बालके मेली, हा आकडा १९९९ च्या युनिसेफच्या पाहणीवरून जगभर पसरला आणि आम्हीही तो भिंतीपत्रकांवर लिहिला. पुढच्या पाहण्यांत बालमृत्यूंची तशी वाढ आढळली नाही आणि मूळ आकड्यांत सद्दामच्या सरकारने फेरफार केल्याचा निष्कर्ष संशोधकांनी २०१७ साली मांडला. निर्बंधांनी लोकांचे हाल झाले हे खरेच. त्या हालांच्या निषेधार्थ डेनिस हॅलिडे आणि हान्स फॉन स्पोनेक या संयुक्त राष्ट्रांच्या दोन ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी पाठोपाठ राजीनामे दिले. पण खऱ्या दुःखाला खोट्या आकड्याचा टेकू दिला की एक दिवस टेकू निसटतो आणि दुःखावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

दुसरी चूक अशी की अमेरिकेला विरोध करण्याच्या भरात काही जणांनी सद्दामला शहीद केले. आपल्याकडे तर ३० डिसेंबर २००६ रोजी, ईदच्या सुमारास, त्याला फाशी दिल्यावर पुष्कळांचे डोळे ओले झाले. फाशीचा दिवस निवडण्यातला अपमान खराच होता. पण १९९१ साली दक्षिणेतल्या शियांना आणि उत्तरेतल्या कुर्दांना त्याने कसे चिरडले, आणि तेव्हा अमेरिकेची फौज कशी पाहत राहिली, हेही आठवले पाहिजे. आक्रमणाचा निषेध करण्यासाठी जालिमाला मजलूम ठरवण्याची गरज नसते.

आपला संबंध

हा सारा दूरच्या देशाचा प्रश्न असे कोणी म्हणेल. कोकणातल्या वाचकाला तसे म्हणता येणार नाही. ऑगस्ट १९९० मध्ये सद्दामने कुवेत गिळले तेव्हा तेथील सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना परत आणावे लागले. बरेच जण वाळवंट ओलांडून अम्मानला पोहोचले आणि तेथून विमानाने मुंबईला उतरले. आयुष्याची कमाई कुवेतच्या बँकेत आणि अंगावर एक कपडा, असे किती तरी जण कोकणच्या घरांत परतले. तेलाच्या राजकारणाची किंमत आपणही मोजली आहे.

२००३ साली आपल्या देशाने काय केले हेही मुलांना सांगायला हवे. ८ एप्रिलला लोकसभेने एकमताने ठराव केला. हिंदी मसुद्यात ‘निंदा’ हा शब्द होता आणि इंग्रजीत त्याहून सौम्य शब्द वापरला गेला. शब्दावर बराच खल झाला. त्यानंतर अमेरिकेने भारताकडे फौज मागितली. विरोधी पक्ष, डावे पक्ष आणि जनमत यांचा कल पाहून १४ जुलै २००३ रोजी सरकारने नकार दिला. कूतच्या वेढ्यात मेलेल्या शिपायांना कोणी विचारले नव्हते. ८७ वर्षांनी त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या देशाने निदान नाही म्हटले.

इराकमध्ये नोंद झालेले नागरिकांचे मृत्यूच लाखाच्या वर आहेत. नोंद न झालेले वेगळे. मे २००३ मध्ये ब्रेमर यांनी सैन्य बरखास्त केले. हत्यार चालवता येणारे लाखो बेकार रस्त्यावर आले. जून २०१४ मध्ये मोसुल घेणाऱ्या दाएशच्या फौजेत जुन्या बाथच्या सैन्यातले अधिकारी होते. त्या टोळीने सर्वाधिक मुडदे पाडले ते मुसलमानांचेच. इबरत घ्यायची तर यातून घ्यावी.

म्हणूनच मला वर्गातले उत्तर महत्त्वाचे वाटते. ‘इस्लाम की दुश्मनी’ हे उत्तर दिले की विचार तेथेच थांबतो. मग रोमच्या रस्त्यावरचा माणूस आपला दुश्मन ठरतो आणि विमानतळ देणारा अमीर आपला भाऊ. बसऱ्याचा कामगार तर दिसतच नाही. उत्तर चुकले की सोबतीही चुकतात.

पुढच्या तासाला मी फळ्यावर दोन रकाने आखले. एकीकडे तात्कालिक कारणे, दुसरीकडे मूलभूत कारणे. मुलांनी शस्त्रे, ११ सप्टेंबर, सद्दामचा जुलूम हे पहिल्या रकान्यात घातले. तेलाची मालकी, डॉलर, साम्राज्यवादी स्पर्धा हे दुसऱ्यात. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने विचारले, “सर, दुश्मनी किस में लिखूँ?” मी खडू त्याच्याच हातात दिला. तो थोडा वेळ फळ्यासमोर उभा राहिला आणि त्याने तो शब्द पहिल्या रकान्यात लिहिला.